घरोघरी पोहोचलेली चित्रे

ठाणे आणि कल्याण ही उत्तर कोकणातील फार जुनी गावे होत. त्यांतील जुने वाडे आता बहुतेक पडले व त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी जी थोडी जुनी घरे शिल्लक आहेत, त्यांच्या ओटीवर किंवा माजघरात काळसर लाकडी चौकटीत बसविलेली काही चित्रे अद्याप पाहावयास मिळतात. एका चित्रात कमळावर उभी असलेली लक्ष्मी असते. दुसऱ्यात सिंहासनावर बसलेले राम-सीता, शेजारी तिघे बंधू आणि पायाशी मारुती असतो. तिसऱ्यात पगडी घातलेले, सडपातळ नाना फडणवीस असतात. कागद पिवळा पडलेला असतो, रंग मात्र अजून ठसठशीत असतात. काही चित्रांतील देवतांच्या साड्यांवर खरी जर आणि टिकल्या चिकटविलेल्या दिसतात. हे काम छापखान्याचे नव्हे. दुपारच्या वेळी घरातील स्त्रियांनी हौसेने सुईदोरा व खळ घेऊन ते केलेले असे.

हीच लक्ष्मी, अगदी त्याच वळणाची, नाशिकच्या घरात होती, नागपूरच्या दुकानात होती आणि सोलापूरच्या गिरणी कामगाराच्या खोलीतही होती. तिला रंगविणारा चित्रकार यांपैकी कोणाच्याच दारी आला नव्हता. मग ती सर्वांच्या भिंतीवर कशी आली?

शे-दोनशे वर्षांपूर्वी चित्र ही सामान्य माणसाच्या मालकीची वस्तू नव्हती. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर चित्रे रंगविलेली आहेत. परंतु ती वाड्याच्या मालकासाठी होती. देवळांच्या भिंतींवर चित्रे असत, ती देवळात जाण्याची मुभा असणाऱ्यांनाच दिसत. सावंतवाडीजवळच्या पिंगुळी गावातील चित्रकथी लोक रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवून कथा गात. कथा संपली की चित्रांची पोथी बांधून ते पुढच्या गावी निघत. गावकऱ्यांना चित्र घटकाभर पाहण्यास मिळे. घरी ठेवण्यास मिळत नसे. हाताने काढलेल्या चित्राची प्रत पुन्हा हातानेच काढावी लागते, आणि हाताच्या कामाला वेळ व पैसा दोन्ही लागतात.

ही अडचण जगात अनेक ठिकाणी होती. ती फार सुंदर रीतीने दूर करणारे एक नगर जपानात होते. त्याचे नाव एडो. आजचे टोकियो ते हेच. इ. स. १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याने तेथून राज्यकारभार करण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता ते कोळ्यांच्या वस्तीचे गाव मोठी राजधानी बनले. देशभरच्या सरदारांना ठरावीक काळ एडोत येऊन राहावे लागे. त्यांच्याबरोबर शिपाई, नोकर व कारकून येत. एवढ्या माणसांना तांदूळ, कापड, लाकूड, तेल पुरविणारे व्यापारी आणि कारागीर आले. अठराव्या शतकात एडोची वस्ती दहा लाखांवर गेली असे मानतात. त्या काळी जगात एवढी मोठी शहरे क्वचितच होती.

या नगरातील व्यापाऱ्याच्या हाती पैसा होता, पण मान नव्हता. समाजाच्या उतरंडीत त्याची जागा सरदार, शेतकरी आणि कारागीर यांच्याही खाली धरली जाई. राज्यकारभारात त्याला स्थान नव्हते. तेव्हा त्याने आपले सुख शहरातच शोधले. काबुकी नावाची नाटके, कुस्त्यांचे फड, चहाची दुकाने, नव्या तऱ्हेची वस्त्रे यांत एडोचा नागरिक रमू लागला. या रंगीबेरंगी जीवनाला जपानी लोक ‘उकियो’ म्हणत. या शब्दाचा जुना अर्थ ‘दुःखाचा संसार’ असा होता. बुद्धधर्माच्या शिकवणुकीतून तो आला होता. एडोच्या लोकांनी त्याचा उच्चार तोच ठेवून अर्थ बदलला आणि ‘तरंगते जग’ असा तो केला. संसार क्षणभंगुर आहे म्हणून रडत का बसावे, पाण्यावरच्या भोपळ्यासारखे हसत तरंगत जावे, असा त्यातला भाव होता. या जगाची चित्रे ती ‘उकियो-ए’.

या चित्रांच्या आरंभीच्या कारागिरांत हिशिकावा मोरोनोबू याचे नाव अग्रभागी आहे. तो कापडावर भरतकाम करणाऱ्याचा मुलगा. पूर्वी अशी चित्रे पुस्तकांतून येत. त्याने ती सुट्या कागदावर काढली. ती केवळ काळ्या शाईची असत. पुढे त्यांत हाताने शेंदरी रंग भरू लागले, नंतर दोन-तीन रंग ठशांनीच उमटवू लागले. आणि १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या वेळी अनेक रंगांची चित्रे छापली जाऊ लागली. ती किनखापासारखी दिसत, म्हणून त्यांना ‘किनखापी चित्रे’ असेच नाव पडले.

एक चित्र सिद्ध होण्यास चार माणसांचा हात लागे. प्रकाशक भांडवल घाली व कोणते चित्र खपेल हे ठरवी. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथे चिकटवीत आणि कोरक्या रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड खोदून काढी. केसांची एकेक बट लाकडात कोरण्याचे हे काम किती अवघड असेल, याची कल्पना ज्याने बटाट्याचा ठसा कापून पाहिला आहे त्यालाच येईल! नंतर प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरीत. शेवटी छापणारा फळीवर रंग लावून तीवर ओलसर कागद ठेवी आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या गादीने तो पाठीमागून घाशी. यंत्र मुळीच नसे. दहा फळ्यांचे दहा रंग आपापल्या जागी बिनचूक बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक खाच व कडेला एक रेघ कोरलेली असे. कागद त्या खाचेत बसविला की तो तसूभरही सरकत नसे. साऱ्या रंगीत छपाईचे मर्म या लहानशा खाचेत होते.

असे चित्र साधारणतः एका वाडगाभर शेवयांच्या किमतीत मिळे. सुतारालाही ते परवडे. लोक आवडत्या नटाचे चित्र विकत घेत, दारावर चिकटवीत, कंटाळा आला की फाडून नवे आणीत. राज्यकर्त्यांना मात्र ही स्वस्त चित्रे नेहमीच निर्धोक वाटत नसत. १७९० नंतर चित्रांवर तपासनिसाचा शिक्का असावा असा नियम झाला. १८०४ मध्ये उतामारो या थोर चित्रकाराने एका जुन्या सत्ताधीशाची चित्रे काढली, म्हणून त्याच्या हातांत बेड्या घालण्यात आल्या. चित्र एकाच्या दिवाणखान्यात असते तोवर त्याची भीती नसते; ते हजारांच्या हाती गेले म्हणजे सरकार सावध होते.

होकुसाई या चित्रकाराचे प्रचंड लाटेचे चित्र १८३१ च्या सुमारास एडोत छापले गेले. गमतीची गोष्ट अशी की, त्याच १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी आपल्या छापखान्यात मराठी पंचांग छापले. एडोला मुंबईची आणि मुंबईला एडोची वार्ताही नव्हती.

आपल्याकडे ठशाची विद्या नवी नव्हती. लाकडी ठशांनी कापड छापणारे रंगारी गावोगावी होते. मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली होती. तथापि घरोघरी चित्रे नेली ती लाकडाने नव्हे वा तांब्यानेही नव्हे, तर दगडाने.

दगडावरून छापण्याची ही युक्ती जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. बव्हेरियातील एक प्रकारचा गुळगुळीत चुनखडीचा दगड घेऊन त्यावर तेलकट खडूने उलटे चित्र काढतात. मग डिंक व सौम्य आम्ल लावून दगड पक्का करतात आणि पाण्याने भिजवितात. चित्राच्या तेलकट रेषा पाणी धरीत नाहीत. उरलेला दगड धरतो. त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरविला की शाई रेषांनाच चिकटते, ओल्या जागेवर बसत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटते. येथे काही कोरावे लागत नाही, म्हणून काम झपाट्याने होते. आपल्या लोकांनी या रीतीला शिळाछाप असे नेमके नाव दिले.

गणपत कृष्णाजी हे या शिळाछापाचे मुंबईतील आद्य पुरस्कर्ते. त्यांनी शाई व यंत्रसामग्री खटपट करून येथेच सिद्ध केली. छापलेल्या कागदाचा त्या काळी मोठा विटाळ मानीत, कारण शाईत चरबी असते असा लोकांचा समज होता. धार्मिक ग्रंथांसाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. छापलेल्या कागदाला शिवण्यास भिणारे लोक पन्नास-साठ वर्षांत छापलेल्या देवाची पूजा करू लागले, हा बदल लहान नव्हे.

मध्यंतरी देशात आणखी एक गोष्ट घडली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून मुंबई व पुणे जोडली गेली. रेल्वेबरोबर कचेऱ्या, शाळा आणि लिहिणारे-वाचणारे नोकरदार आले. कल्याणात १८६४ साली सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्यात १८६६ पासून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघू लागले आणि १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. डोंबिवली तेव्हा लहानसे खेडेच होते. महिन्याला बांधीव पगार मिळविणारा, थोडे वाचणारा, घर नीटनेटके ठेवण्याची हौस असणारा असा एक नवा वर्ग या गावांत तयार झाला. एडोच्या व्यापाऱ्याप्रमाणेच याच्या हाती राज्य नव्हते. परंतु एखादे चित्र विकत घेण्याइतके पैसे होते.

या वर्गापुढे कोणती चित्रे ठेवावीत, याचा विचार पुण्यात झाला. ‘निबंधमाले’चे कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली सहकाऱ्यांच्या साह्याने चित्रशाळा काढली. देशी घरांत देशी चित्रे असावीत, हा त्यांचा हेतू होता. चित्रशाळेतून रामपंचायतनासारखी देवतांची चित्रे निघाली. तशीच शिवाजी महाराज आणि नाना फडणवीस यांचीही निघाली. पेशवाई बुडून तेव्हा साठ वर्षे झाली होती. नानांना पाहिलेली माणसे उरली नव्हती. आजोबांच्या तोंडून ऐकलेली नावे आता भिंतीवरून डोळ्यांना डोळे देऊ लागली. राज्य परक्यांचे असताना आपल्या राजाचे चित्र घरात लावणे ही नुसती सजावट नव्हती, आणि इंग्रज सरकारही ते ओळखून होते. चिपळूणकर १८८२ साली ऐन बत्तिशीत वारले. चित्रशाळा मात्र पुष्कळ वर्षे चालली. १९१० पासून ‘चित्रमय जगत्’ हे तिचे मासिक घरोघरी वाचले जाऊ लागले.

चित्रशाळेच्या चित्रांत उत्साह पुष्कळ, पण रंग काहीसे भडक आणि माणसे जरा ताठ असत. ही उणीव भरून काढणारा चित्रकार दक्षिणेकडून आला. राजा रविवर्मा यांचा जन्म केरळात किळिमानूर येथे १८४८ साली झाला. पाश्चात्त्य पद्धतीच्या तैलरंगांत त्यांनी आपल्या पुराणांतील प्रसंग रंगविले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्यासाठी त्यांनी अशी चौदा चित्रे काढली, तेव्हा ती पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. एक तैलचित्र कितीजण पाहणार? आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना पुष्कळ आधी सुचविलेले होते. अखेर १८९४ साली रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजराज वर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आली व ती चालविणारे तंत्रज्ञही तेथूनच आले. या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. नाटकाच्या नादी असलेल्या मराठी रसिकांना शकुंतला परकी नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० पासून रंगभूमीवर गाजत होते.

या छपाईतील कष्ट ध्यानात घेण्याजोगे आहेत. प्रत्येक रंगाला एक स्वतंत्र शिळा लागे. साध्या चित्राला सात-आठ, तर लक्ष्मीसारख्या चित्राला त्याहूनही अधिक शिळा लागत. प्रथम एक कसबी कारागीर मूळ तैलचित्र समोर ठेवून त्यातील रंगांची मनातल्या मनात फोड करी. गालावरची लाली केवळ लाल रंगाने येत नाही; तीत पिवळ्याचा, तपकिरीचा अंश असतो. कोणत्या शिळेवर किती दाट, किती विरळ ठिपके द्यावेत, हे तो ठरवी. मग एकच कागद एकामागून एक साऱ्या शिळांखालून जाई. प्रत्येक वेळी शाई वाळेपर्यंत थांबावे लागे, आणि एखादी शिळा केसभर चुकली तर देवीचे ओठ हनुवटीवर येत! एडोच्या खाचेची अडचण येथेही तीच होती. अखेरीस तैलचित्राची चकाकी यावी म्हणून वार्निश लावीत.

छापखाना स्थिरावतो न स्थिरावतो तोच १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून पळू लागली, कामगार मिळेनात. मुंबईहून घाटकोपरला गेलेला हा छापखाना १८९९ मध्ये घाट ओलांडून लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. त्या अजस्र शिळा, यंत्रे, रंगांचे डबे यांचे बिऱ्हाड याच लोहमार्गाने घाटावर गेले. चित्रे खपत होती, तरी खर्च भागत नव्हता. कर्ज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी वर्मा बंधूंना छापखाना विकणे भाग पडले आणि तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. ज्यांच्या चित्रांनी देशातील भिंती भरल्या, त्यांना स्वतःला त्या धंद्यात तोटाच आला.

या छापखान्यात काही काळ एक धडपड्या तरुण काम करीत असे. त्याने पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये तो जर्मनीस जाऊन आला. नंतर तो धंदा सोडून त्याने चित्रांना चालावयास लावले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके ते हेच.

स्वस्त चित्रांना नावे ठेवणारेही थोडे नव्हते. कलेचे जाणकार म्हणत की, ही चित्रे विलायती नकला आहेत, सगळ्या देवतांचे चेहरे नाटकातल्यासारखे आहेत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. रेषेचा डौल व रंगांचा संयम पाहावयाचा तर एडोची चित्रे खचितच उजवी ठरतात. पण दुसरीही एक बाजू आहे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू देत नसत. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि तो अनेक वर्षे चालवूनही दार उघडले नाही. छापील चित्र विकणारा दुकानदार मात्र गिऱ्हाइकाची जात विचारीत नसे. ज्या मूर्तीजवळ पुजारी जाऊ देत नव्हता, तिचे चित्र थोड्या पैशांत कोणाच्याही झोपडीत येत होते. त्यामुळे देवळाचे दार उघडले असे नव्हे. त्यासाठी लढावेच लागले. परंतु देवाचे रूप ही मूठभरांची मालमत्ता आहे, ही समजूत या कागदाने ढिली केली.

जपानातही आरंभी या चित्रांची किंमत कोणी जाणली नाही. परदेशी पाठविण्याच्या चिनीमातीच्या भांड्यांभोवती ती रद्दी म्हणून गुंडाळीत असत, असे सांगतात. ती युरोपात पोहोचली आणि तेथील चित्रकार थक्क झाले. व्हॅन गॉगने तर १८८७ मध्ये हिरोशिगेच्या चित्रांच्या प्रती तैलरंगांत करून पाहिल्या. आपल्याकडेही काच फुटलेली जुनी तसबीर पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवण्याची रीत होती. पावसात भिजून कित्येक दुर्मीळ चित्रे तेथेच संपली. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि तेथील चित्रे व शिळा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. जी चित्रे उरली, ती आता संग्राहक शोधून शोधून जपतात.

जपानी चित्रावर चित्रकाराची सही आणि प्रकाशकाची खूण असते. कोरक्याचे व छापणाऱ्याचे नाव क्वचितच आढळते. आपल्या चित्रांवरही शिळेवर ठिपके देणाऱ्या कारागिराचे नाव नसते. मात्र जुन्या तसबिरीची खालची कड नीट न्याहाळली, तर चौकटीच्या लाकडाखाली अर्धवट झाकलेली बारीक इंग्रजी अक्षरे पुष्कळदा दिसतात: ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’. कल्याणहून कर्जतमार्गे पुण्याकडे जाणारी गाडी लोणावळ्याच्या पुढे निघाली म्हणजे पहिले स्थानक लागते ते मळवलीचे.